पाचपैकी तीन

"काहून आणलं जी?"

हातात पिशवी घेऊन कोणी पालक वर्गाच्या दाराशी उभा राहिला की बाईंचा हा पहिला प्रश्न. मग त्या पुडकं हातात घेऊन वरचा रंगीत कागद जरासा सोडवायच्या आणि त्याची मागची बाजू बघायच्या. बघणाऱ्याला वाटे, किमतीचं लेबल शोधतायत. लेबलाशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. कागद मागून कोरा आहे का, एवढंच त्यांना बघायचं असे. कोरा निघाला की कागद घडी घालून टेबलाच्या खणात, आणि आतली वस्तू शाळा सुटताना त्याच मुलाच्या दप्तरातून त्याच्या घरी परत.

तुमच्याही मुलांना अशी एखादी बाई भेटली असेल. भेटली असेल तर पुढचं नीट वाचा, कारण आम्ही जे केलं ते बहुधा तुम्हीही केलं असेल. मला हे लिहिताना राग येतोय आणि तो मी आवरणार नाही.

मी त्या शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. शाळा येरवड्यात, मी राहायला नारायण पेठेत. रोज सकाळी नदी ओलांडून दुचाकीवरून जायचं आणि सात वाजता कुलूप उघडायचं. माझी मुलगी सई त्याच शाळेत होती, पहिलीत, बाईंच्याच वर्गात. म्हणजे एका बाजूनं मी शाळेची नोकर आणि दुसऱ्या बाजूनं पालक. दोन्ही बाजूंनी मी काय दिवे लावले ते पुढे येईलच.

पूर्वी शाळेत तुरुंगाच्या वसाहतीतली, रिक्षावाल्यांची, किराणा दुकानदारांची मुलं असायची. मग आसपास काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या मागोमाग स्विमिंग टँकवाल्या सोसायट्या आल्या, आणि संस्थेनं घाईघाईनं पाटीवर 'सेमी-इंग्रजी' लिहून घेतलं. तेव्हापासून सकाळी फाटकापाशी रिक्षांच्या शेजारी गाड्या लागायला लागल्या. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेले आईबाप पोराला सोडायचे, वाकून पापा घ्यायचे, आणि ते ओळखपत्र दर वेळी पोराच्या नाकावर आपटायचं. पोरंही सवयीनं आधीच डोळे मिटून घ्यायची.

बाई वर्ध्याकडच्या. तिशीच्या आतल्या, किरकोळ अंगाच्या, आवाज बारीक. 'काहून', 'येजा', 'करून राहिले' हे सगळं त्यांच्याबरोबर पुण्यात आलं होतं आणि पुण्यात चार वर्षं काढूनही गेलं नव्हतं. नेमणूक तात्पुरती. जूनमध्ये आदेश निघायचा, एप्रिलअखेर संपायचा, पुन्हा जूनमध्ये नवा. चार वेळा तो आदेश मीच टाइप केला. पुलगावला त्यांची आई एकटी होती. "कायम झाली ना ताई, की आईला घेऊन येते," असं त्या दर जूनला म्हणायच्या. बाकी कशाविषयी त्यांनी हट्ट धरलेला मी पाहिला नाही.

आता शिक्षक दिनाचं सांगते. त्या दिवशी आमची स्टाफरूम म्हणजे लग्नातला आहेराचा कोपरा व्हायची. भिंतीवरची घड्याळं, फोटोच्या चौकटी, साडीचे खोके, आणि 'जगातली सर्वोत्तम शिक्षिका' असं इंग्रजीत लिहिलेले कपांवर कप. एका वर्षी असे चार कप मी मधल्या सुट्टीत एकाच टेबलावर पाहिले. चौघींतली नेमकी सर्वोत्तम कोण, हे चहा पिता पिता ठरवायला हरकत नव्हती, पण विचारायचं धाडस झालं नाही. बाईंच्या नावाचे कप मात्र बारा वाजता दप्तरांतून घरोघर परत गेलेले असायचे.

याचा पालकांना अपमान वाटायचा. एक आई तणतणत कार्यालयात आली. म्हणाली, "आमच्या मिस्टरांनी सिंगापूरहून आणलं होतं, आणि यांनी परत पाठवलं."

"मग मिस्टरांना देऊन टाका," मी म्हणाले.

मी आपलं जावक रजिस्टर ओढलं आणि लिहायला लागले.

बाईंना काहीच नको होतं असं नाही. त्यांना जे हवं होतं ते त्या पालकसभेत उभ्या राहून स्पष्ट मागायच्या. "मला काही द्यायचंच असेल ना जी, तर पाठकोरे द्या. आन पोरांना न्यायला बारा वाजता येजा. बारा म्हणजे बारा."

पाठकोरे म्हणजे एका बाजूनं छापलेले, मागून कोरे कागद. कंपन्यांमध्ये तेव्हा ढिगानं छापत. दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असलेले ते लांबच लांब कागद पोतीच्या पोती रद्दीत जायचे. बाईंनी मागितल्यावर गाडीवाले बाप डिकीत घालून गठ्ठे आणायला लागले. भोकांच्या पट्ट्यांची पोरं कंकणं करायची. कोऱ्या बाजूवर चित्रं, अक्षरं, बेरजा. आणि दर शनिवारी त्यातला एकेक तुकडा प्रत्येक मुलाबरोबर घरी जायचा. त्यावर आईनं किंवा बापानं एक ओळ लिहायची: या आठवड्यात पोरानं आपणहून काय चांगलं केलं. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, लिहिता येत नसेल तर शेजाऱ्याकडून लिहून घ्या, पण लिहा. सोमवारी त्या चिठ्ठ्या बाई वर्गासमोर वाचायच्या नाहीत. एकट्या वाचायच्या आणि पत्र्याच्या एका डब्यात ठेवायच्या. "हेच माझं गिफ्ट," म्हणायच्या. त्या चिठ्ठ्यांवरून कुठल्या घरात काय चाललंय ते त्यांना बरोबर कळायचं, असं माझं मत आहे.

बारा वाजताचं मात्र लोकांना जमत नव्हतं. कोणीतरी एक पोरगं रोज मागे राहायचं. ते माझ्या कार्यालयातल्या बाकावर बसायचं आणि बाई त्याच्या शेजारी. पोरगं गेल्याशिवाय मला कुलूप लावता यायचं नाही. त्यामुळे आमची ओळख झाली ती त्या बाकामुळे. मी घड्याळ बघत चरफडायचे आणि बाई पोराला कागदाची होडी करून द्यायच्या.

एकदा चिन्मय नावाचा मुलगा दीड वाजेपर्यंत बसला. त्याचे बाबा धावत आले, घामाघूम, सॉरी सॉरी म्हणत. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईच बोलल्या.

"मला सॉरी नका म्हणू जी. त्याला सांगा, तुम्ही कुठं होते."

"मीटिंग होती."

"ते मला कळते. त्याला कळते काय?"

आणि त्यांनी त्या माणसाला चक्क बाकावर बसवलं. कंपनीत वीस माणसं हाताखाली असलेला तो माणूस पहिलीतल्या पोराला सांगायला लागला की अमेरिकेतल्या एका दुकानाचा हिशेब आपण इथून बघतो, ते आज बंद पडलं, तिकडचे लोक ओरडत होते, म्हणून बाबाला उठता आलं नाही. चिन्मयनं विचारलं, "तुला पण ओरडतात?" बापाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्या दिवसानंतर तो माणूस कधी उशिरा आला नाही. सर्वांत जास्त पाठकोरे त्यानंच आणले. फाटकापाशी भेटेल त्याला सांगायचा, "आमच्या बाईंसारख्या बाई नाहीत." हे लक्षात ठेवा.

दुसरे एक वडील तुरुंगात हवालदार होते, आतल्या कारखान्यात सुतारकाम शिकवायचे. त्यांची मुलगी घराबाहेर एक शब्द बोलत नसे. बाईंनी तिला बोल म्हणून कधी सांगितलं नाही. हजेरीला नाव घेतलं की बाकावर टिचकी मार, म्हणाल्या. दोन आठवड्यांत अख्खा वर्ग टिचक्या मारायला लागला आणि शेजारच्या वर्गातून तक्रार आली. बाईंनी चालू ठेवलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी ती मुलगी "हजर" म्हणाली. पुढच्या सुट्टीच्या दिवशी हवालदार आपली हत्यारांची पिशवी घेऊन आले आणि वर्गातले सगळे डुगडुगणारे बाक बसवून गेले. कोणी सांगितलं नव्हतं. बाईंनी त्यांना "काहून" विचारलं नाही. त्या खिळे हातात धरून त्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या.

आता माझं.

फेब्रुवारी असेल. शाळा सुटल्यावर बाई कार्यालयात आल्या, हातात सहा चिठ्ठ्या. माझ्याच होत्या. सईबरोबर दर शनिवारी येणाऱ्या.

"ताई, रागावणार नसाल तर एक सांगू काय?"

"सांगा."

"सहा शनिवार झाले. तुमच्या चिठ्ठीत सईची चांगली गोष्ट एकही नाही."

मी चिठ्ठ्या पाहिल्या. 'अक्षर गचाळ.' 'डबा अर्धा परत आणते.' 'पेन्सिल पुन्हा हरवली.' माझं अक्षर मात्र सुरेख होतं.

"पेन्सिल हरवली की ती मला सांगते," बाई म्हणाल्या. "तुम्हाला नाही सांगत. भिते ती तुम्हाला."

आवाज बारीकच होता. पण शिपाईमावशी दारात केर काढत होती आणि तिचा झाडू थांबला. मी म्हणाले, "बाई, माझ्या घरात काय बोलायचं ते मी ठरवते. तुम्ही वर्ग बघा." बाई "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. त्यांचं बोलणं खरं होतं हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच एवढी चीड आली. त्या रात्री मी सईला जेवताना पाण्याचा पेला सांडला म्हणून फटका दिला, आणि रडली तर आणखी एक.

मार्चमध्ये अभिप्रायाचं खूळ निघालं. संस्थेच्या सचिवांचे जावई कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, आजकाल ग्राहकाचं मत घेतल्याशिवाय काही करत नाहीत. पालक म्हणजे ग्राहक. एक छापील फॉर्म तयार झाला, पूर्ण इंग्रजीत, जाड गुळगुळीत कागदावर, एकाच बाजूनं छापलेला. शिक्षकाला एक ते पाच गुण द्यायचे आणि खाली एक चौकोन: सुधारणेला कुठे वाव आहे. ज्या तात्पुरत्या शिक्षकाची सरासरी चारच्या वर जाईल त्याला कायम करायचं. बाकीच्यांचा नवा आदेश निघणार नाही.

स्टाफरूममध्ये बातमी फुटायला वेळ लागला नाही. बाकीच्या दोन तात्पुरत्या शिक्षिका फाटकापाशीच उभ्या राहिल्या. "पाचवर टिक करा हं," असं पालकांना हसून हसून सांगायला लागल्या. मी बाईंना म्हटलं, "तुम्हीही सांगा. एवढं वाक्य बोलायला काय होतंय?"

"मागून घेऊ काय ताई?"

"पाठकोरे मागता की."

"ते पोरांसाठी मागते."

मला त्यांचा संताप आला. अजून येतो. स्वतःसाठी एक वाक्य ज्यांच्या तोंडातून निघत नाही, अशा माणसांचं आपण फार कौतुक करतो. त्यांच्या पुलगावच्या आईला त्या कौतुकाचा काय उपयोग? मी हे तोंडावर म्हटलं नाही. आमचं फेब्रुवारीपासून कामापुरतंच बोलणं होतं.

फॉर्म यायला लागले. मोजायचं काम माझंच, कारण नवा संगणक माझ्याच टेबलावर ठेवला होता. आणि एक फॉर्म मी स्वतः भरून त्या गठ्ठ्यात घातला होता. सईची आई म्हणून. पाचपैकी तीन.

का, ते तुम्हाला कळलंच आहे. शिपाईमावशीचा थांबलेला झाडू माझ्या कानातून गेला नव्हता. माझ्या एका आकड्यानं काही फरक पडला नसता, हे गणित मी तेव्हापासून कितीदा तरी मांडलंय. उत्तर दर वेळी बरोबर येतं आणि दर वेळी मला ते पुरत नाही.

कारण गाडीवाल्या पालकांचे फॉर्म मी एकामागून एक उलगडत गेले आणि सगळीकडे तीन. तीन, तीन, कुठे चार, पुन्हा तीन. खालच्या चौकोनात सुवाच्य इंग्रजीत सूचना. शिस्त वाढवता येईल. गृहपाठ अधिक हवा. चिन्मयच्या बाबांचा फॉर्म आला तेव्हा मी चष्मा पुसून पाहिलं. तीन. आणि चौकोनात लिहिलं होतं: भाषा प्रमाण नाही, मुलं 'काहून' म्हणायला लागली आहेत.

मी तिथे बसल्या बसल्या त्या माणसाला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. याच्या पोराला बाई दीड दीड वाजेपर्यंत सांभाळत बसल्या. यानं त्या बाकावर बसून डोळे पुसले. आणि कागद पुढे आल्यावर याला आठवलं काय, तर प्रमाण भाषा.

वर्गातल्या जवळजवळ निम्म्या पालकांचे फॉर्म पुढून कोरे होते. फक्त सही, एकदोन ठिकाणी अंगठा. मला वाटलं, इंग्रजी आहे म्हणून सोडून दिले. गठ्ठा नीट करताना एक उलटा पडला. मागची बाजू भरगच्च लिहिलेली होती. मग मी बाकीचे उलटले. सगळे लिहिलेले होते. बाईंनी या लोकांना वर्षभर एकच शिकवलं होतं की कागदाची कोरी बाजू लिहायची असते, आणि त्यांनी ते इमानानं पाळलं होतं.

हवालदारांनी लिहिलं होतं: 'माझी मुलगी घराबाहेर बोलत नव्हती. बाईंनी तिला घाई केली नाही. आता ती दुकानात जाऊन स्वतः मीठ मागते. बाईंना ठेवावे ही विनंती. तिची आई व मी.' एका रिक्षावाल्यानं लिहिलं होतं की पोरगा आता बापाला पाट्या वाचून दाखवतो. एकीनं शेजारणीकडून लिहून घेतलं होतं, खाली शेजारणीनं आपलंही नाव घातलं होतं.

मी गठ्ठा घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांनी दोनचार वाचले. वाचताना त्यांचाही चेहरा बदलला, ते मी नाकारत नाही. मग त्या म्हणाल्या, "हे कुठे भरणार तुम्ही? रकाना आहे का?"

"नाही."

"आकडा आहे का?"

"नाही. पण मॅडम, हे लोक..."

"मग अपूर्ण म्हणून बाजूला ठेवा. मी सचिवांना काय सांगू, कागद उलटा करून बघा?"

हो, तेच सांगायला हवं होतं. मी ते म्हणाले नाही. मी "बरं" म्हणाले, अपूर्णांचा वेगळा गठ्ठा केला, त्याला रबर लावलं आणि उरलेल्यांची सरासरी काढली. ती चारच्या पुष्कळ खाली आली. फाटकापाशी हसणाऱ्या दोघी कायम झाल्या. दोघींनी पेढे वाटले आणि मी खाल्ले.

एप्रिलच्या शेवटी बाई त्या बाकावर येऊन बसल्या. त्या दिवशी कोणतंही पोरगं मागे राहिलेलं नव्हतं.

"ताई, लोकांनी काय लिहिलं होतं? एखादी तरी चांगली ओळ होती काय?"

हवालदारांचा कागद माझ्या हाताशी, उजवीकडच्या कपाटात होता. मी म्हणाले, "बाई, ते गोपनीय असतं."

असा नियम होता. कोणी मोडला असता तर कोणाला कळलंही नसतं. मी उठायचं, कपाट उघडायचं आणि तो गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवायचा, एवढंच काम होतं. फेब्रुवारीतली अढी मनात तशीच होती. मी उठले नाही. बाई उठता उठता म्हणाल्या, "सईची तेवढी पेन्सिल माझ्या खणात राहिली, देते आणून." आणि खरंच आणून दिली.

निरोप समारंभ मात्र झोकात झाला. गाडीवाल्या पालकांनीच केला. वर्गात फुगे लावले, बाईंना मनगटी घड्याळ दिलं, त्यांनी "काहून" म्हणायच्या आत हातात बांधलंसुद्धा. चिन्मयच्या आईनं भाषण केलं. आमच्या मुलांना मिळालेल्या सर्वांत चांगल्या शिक्षिका, असं म्हणाली. बऱ्याचजणी रडत होत्या. मी दारात उभी होते आणि माझं डोकं नुसतं तापलं होतं. हवालदार मागच्या बाकाशी उभे होते, त्यांना बोलायला कोणी बोलावलं नाही.

फाटकापाशी मी चिन्मयच्या आईला गाठलं. "छान बोललात," मी म्हटलं. "लिहिताना विसरलात वाटतं."

तिला काही समजलं नाही. "थँक यू," म्हणाली.

बाई पुलगावला गेल्या. तिकडे कुठल्याशा आश्रमशाळेत लागल्या, असं शिपाईमावशीकडून कळलं. मला त्यांचं पत्र नाही, माझं त्यांना नाही. त्यांच्या जागी आलेल्या शिक्षिका चांगल्या आहेत. भेटवस्तू घेतात, साडेबाराला निघून जातात आणि मागे राहिलेलं पोरगं माझ्या बाकावर एकटं बसतं.

त्यानंतर दीड वर्ष मी त्या सगळ्या ओळखपत्रवाल्यांचा मनापासून द्वेष केला. फार सोपं गेलं ते. ते कृतघ्न, गोड बोलून गळा कापणारे, आणि मी त्यांना ओळखून असलेली. रागाला असं एक ठिकाण मिळालं की माणसाला बरं वाटतं. तुम्ही अनुभव घेतला असेल.

मग एका सकाळी चिन्मयचे बाबा धाकट्या मुलीच्या प्रवेशासाठी आले. अर्ज घ्यायच्या आधीच म्हणाले, "हिला त्याच बाईंच्या वर्गात घाला हं. परत आल्या असतील ना आता?"

"कुठून परत?"

"निरोप दिला ना आपण. थोडे दिवस आईकडे जायचं म्हणून गेल्या, असंच समजलो आम्ही. आमच्या घरी अजून शनिवारी चिठ्ठी लिहितो आम्ही. सवयच लागली."

मी कपाट उघडलं, जे दीड वर्षापूर्वी उघडायला हवं होतं ते, त्यांचा फॉर्म काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. नियम गेला खड्ड्यात.

त्यांनी वाचला. "हो, माझाच आहे," म्हणाले. "बरोबर आहे ना?"

"यामुळे गेल्या त्या," मी म्हणाले. "चार लागत होते. तुम्ही सगळ्यांनी तीन दिले."

त्यांच्या डोक्यात ते शिरायला वेळ लागला. मग ते हळूहळू बोलायला लागले, एखाद्या अधिकाऱ्यापुढे जबाब द्यावा तसे. "अहो, तीन म्हणजे चांगलं. आमच्याकडे तीनवर बढती मिळते. चार म्हणजे शंभरात एखादा. पाच मी आजवर कोणाला दिले नाहीत, मलाही कोणी दिले नाहीत. सगळीकडे पाच टिक केलेला फॉर्म वरचे लोक धरतच नाहीत, सांगून भरून घेतलाय म्हणतात. त्यांचं नुकसान होऊ नये म्हणून मी रात्री बसून नीट विचार करून भरला."

"आणि हे? भाषा?"

"तो चौकोन रिकामा सोडायचा नसतो. मन लावून भरला नाही असं दिसतं. काहीतरी लिहायलाच लागतं, तर त्यातल्या त्यात निरुपद्रवी काय, म्हणून..." ते थांबले. "आम्हा सगळ्यांचं असंच ठरलं होतं. एकमेकांना फोन करून ठरवलं होतं आम्ही."

मी त्यांना झोडायची दीड वर्ष वाट पाहत होते. वाक्यं तयार होती. त्यांतलं एकही तोंडातून निघेना. समोर बसलेला माणूस त्या आकड्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पार उतरला होता. धाकटी त्यांच्या ओळखपत्राची दोरी ओढत होती, तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

त्यांनी मान वर केली. "तुमची मुलगीही होती ना त्या वर्गात? तुम्ही किती दिले होते?"

खोटं बोलता आलं असतं. त्यांनी काही गठ्ठा तपासला नसता.

"तीन," मी म्हणाले.

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढे वाकून, अगदी जवळच्या माणसाशी बोलावं तसं ते म्हणाले, "बघा. म्हणजे तुम्हालाही त्या आमच्याइतक्याच आवडायच्या."

मी हो म्हणाले.